बसलेल्या घशाचा हॉर्न

१

मुरुडच्या महांतेशनं सकाळी अंगणातली व्हॅन चालू केली आणि दुसऱ्याच क्षणी इंजिन तसंच सोडून तो खाली उतरला. गाडी त्याच्या वारलेल्या वडिलांच्या आवाजात बोलत होती.

आदल्या दिवशीच चंद्रप्पा मिस्त्रीनं त्याच्या डोळ्यांदेखत नवा सायलेन्सर बसवला होता, नवा हॉर्न लावला होता. महांतेशनं स्वतः तो वाजवून पाहिला होता. शाळेच्या घंटेसारखा खणखणीत होता. आणि आता गाडीच्या पोटाखालून तीच जुनी फुरफुर येत होती. त्यानं खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला, तर घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा घोगरा, लांबट सूर निघाला. बॉनेट उचलून पाहिलं. पोचा पडलेला जुना हॉर्न आपल्या जागी होता, जसा काही तो कधी हललाच नव्हता.

हे दुसऱ्यांदा घडलं होतं.

गाडीला पंधरा वर्षं झाली होती, म्हणजे पुन्हा पासिंग करून घेणं आलं. ब्रेक नवे, टायर नवे, सडलेला पत्रा बदललेला. दुरुस्तीच्या खर्चात दारात दुसरी जुनी गाडी उभी राहिली असती. तरी लातूरच्या आर.टी.ओ.त गाडी दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा हॉर्न आणि सायलेन्सर एवढ्यावरच. आता तिसरी तारीख मिळाली होती. तीही हुकली तर गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती.

आणि ही गाडी दिवेलागणीला दारात आली नाही, तर महांतेशची आई जेवत नसे. साऱ्या घराचा जीव त्या एका गोष्टीला टांगलेला होता.

त्यानं नांदेडला फोन लावला. "धम्मानंद काका, तुमी या. अप्पा गाडी सोडून न्हाई राहिले."

२

धम्मानंद निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. उभ्या आयुष्यात हजारो गाड्या पास-नापास केलेला माणूस. गाडीत भूत असतं यावर त्याचा विश्वास नव्हता, पण गाडीच्या मालकाच्या डोक्यात ते असतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. वारलेले सिद्धलिंगप्पा त्याचे जिवलग. सरकी पेंडीच्या धंद्यासाठी अप्पा नांदेडला आले की धम्मानंदच्याच घरी ताटावर बसत आणि बसायच्या आधी विचारत, भरलं वांगं केलंय ना? वांग्याशिवाय त्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नसे.

एसटीतून उतरून धम्मानंद घरी पोचला, तेव्हा महांतेशनं त्याला आधी गाडीपाशीच नेलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. सांगताना तो ड्रायव्हरच्या सीटकडे पाहत नव्हता.

अप्पा त्याच सीटवर गेले होते. मागच्या वर्षी नागम्मांना, म्हणजे महांतेशच्या आईला, अर्धांगाचा झटका आला. त्यांना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डोळे तर आधीच काचबिंदूनं गेलेले. अप्पा दिवसभर उशाशी बसायचे आणि पाठ अवघडली की खाली व्हॅनमध्ये येऊन टेकायचे. एका दुपारी त्यांची मान स्टिअरिंगवर पडली, ती हॉर्नवरच. हॉर्न वाजत राहिला. कुणीतरी मान उचलीपर्यंत वाजत राहिला. त्या दिवसापासून हॉर्नचा घसा बसला.

"लोक म्हणतात, अप्पांचा आवाज त्यात गेला," महांतेश म्हणाला. "मला बी तसंच वाटतंय काका. आमचं भांडण होतं. मी त्यांच्याशी नीट बोललोच न्हाई शेवटी."

अप्पा गेल्याचं अव्वांना, म्हणजे नागम्मांना, सांगितलं होतं का, असं धम्मानंदनं विचारलं. सांगितलं होतं, महांतेश म्हणाला. दवाखान्यातून आणल्यावर सगळ्यांनी मिळून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडल्या, अन्न सोडलं. मग एका संध्याकाळी महांतेश दुकानातून व्हॅन घेऊन लवकर आला, फाटकाशी अप्पांच्या सवयीनं हॉर्न दिला, आणि नागम्मा उठून बसल्या. म्हणाल्या, गाडी आली, दोन ताटं वाढ. डॉक्टर म्हणाले, झटक्यानं डोक्यावर परिणाम झालाय, जेवतात तर जेवू द्या. तेव्हापासून महांतेश रोज दिवेलागणीला गाडी आणतो, हॉर्न देतो, आणि अव्वांजवळ बसून ते दुसरं ताट स्वतः संपवतो. अन्न वाया जाऊ नये म्हणून.

मेलेल्या माणसासाठी वाढलेलं ताट रोज पोरानं खायचं, ही कल्पनाच धम्मानंदला सोसवेना.

तेवढ्यात शेजारच्या दारातून राजशेखर आले. अप्पांचे धाकटे भाऊ, अंगावर पांढरंशुभ्र धोतर आणि जिभेवर तिखट. कुणी विचारण्याआधीच त्यांनी मत दिलं. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला करून राहिलंय हे पोरगं. भंगारात घाल म्हणलं, ऐकत न्हाई. ही शेड मोकळी झाली तर माझं धान्य तरी राहील."

गाडी भंगारात जावी असं उघड म्हणणारा माणूस, शेजारीच राहणारा, अंगणात कधीही येणारा. धम्मानंदनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. हातावर ग्रीसचा डाग होता.

३

महांतेश गाडी घेऊन दुकानी गेला होता. संध्याकाळी धम्मानंद मुद्दाम नागम्मांच्या खोलीत जाऊन बसला. महांतेशची बायको अंजू दिवा लावत होती. नागम्मा खाटेवर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला विभूती. त्यांनी आवाजावरून धम्मानंदला ओळखलं, नांदेडची, पोराबाळांची चौकशी केली. बोलण्यात कुठंही गाठ नाही, गोंधळ नाही. फक्त अप्पांचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि धम्मानंदनंही काढलं नाही.

मग फाटकाशी हॉर्न वाजला.

तो हॉर्न नव्हताच. कुणीतरी फार दुरून हाक मारत होतं आणि हाक पोचत नव्हती. बाहेर कुत्रं रडलं. नागम्मांनी चटकन उजव्या हातानं पदर डोक्यावर घेतला आणि कानांवरून गच्च ओढून धरला. अंजू हळूच म्हणाली, "रोज असंच करत्यात. अप्पा आले म्हणून डोक्यावर पदर घेत्यात." तिचे डोळे भरले होते.

हॉर्न थांबला. न्हाणीत पाय धुतल्याचा आवाज आला, मग महांतेशची पावलं. पदर सैल झाला.

"गाडी आली. दोन ताटं वाढ," नागम्मा म्हणाल्या. "त्या ताटात वांगं नको."

अंजूनं दुसऱ्या ताटात वांगं वाढलं नाही. महांतेश येऊन त्या ताटाशी बसला, मायलेक जेवले. धम्मानंदला स्वयंपाकघरात वेगळं वाढलं होतं. त्याच्या ताटात भरलं वांगं होतं आणि चव चांगली होती, पण तो ते नुसतं चिवडत बसला. वांगं नको म्हणाल्या. सिद्धलिंगप्पाच्या ताटात वांगं नको?

त्यानं अंजूला विचारलं. ती म्हणाली, अव्वा विसरल्यात. पोराला वांगं चालत नाही, तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलंय बहुतेक.

"आणि मला सांग पोरी, अप्पा आले असं त्यांना वाटतं. मग वर्षभरात एकदा तरी म्हणाल्या का, त्यांना इकडं बोलवा?"

अंजू विचार करत राहिली. मग तिनं मान हलवली. एकदाही नाही.

४

सकाळी राजशेखरांच्या हातावरच्या ग्रीसचा उलगडा सहज झाला. त्यांच्या मळणी यंत्राला ते रोज स्वतःच ग्रीस लावत. पण धम्मानंदनं त्यांना रात्रीच यादीतून काढून टाकलं होतं. ज्याला गाडी भंगारात घालायची आहे, तो ब्रेकच्या नळीला हात घालील. हॉर्न कशाला बदलेल? आणि चोर म्हणावं, तर नवे टायर तसेच ठेवून हॉर्न नेणारा चोर अजून जन्माला यायचाय.

तो गाडीखाली सरपटत शिरला. या वयात शिरताना सोपं, निघताना कठीण, हे त्याला नंतर कळलं. पण पाहायचं ते दिसलं. सायलेन्सरचे नट अगदी बरोबर आवळलेले होते, एकाचीही कड झिजलेली नव्हती. भुताला किंवा राजशेखरांना हे जमणार नव्हतं.

चंद्रप्पा मिस्त्रीचं गॅरेज पुढच्याच गल्लीत. तिथं जाताना महांतेश म्हणाला की, पहिल्यांदा मी त्याला चोर म्हणालो, चौघांत म्हणालो. तो काय म्हणाला, धम्मानंदनं विचारलं. काही नाही, मान खाली घातली, आणि दुसऱ्यांदा नवा हॉर्न नि नवा सायलेन्सर फुकट बसवून दिला.

धम्मानंद रस्त्यातच थांबला. "चौघांत चोर म्हटल्यावर मिस्त्री भांडला नाही? आणि वर फुकट माल दिला?"

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं तिसऱ्यांदा बसवायचा म्हणून एक नवाकोरा सायलेन्सर काढून ठेवला होता. धम्मानंदनं तो उचलला, तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला काजळी होती. न चाललेल्या सायलेन्सरमध्ये काजळी कुठून येणार?

"चंद्रप्पा, हा एकच माल आहे. तूच लावतोस, तूच काढतोस," तो शांतपणे म्हणाला. "यात तुला पैसा मिळत नाही, उलट बदनामी होते. कुणासाठी करतोस?"

मिस्त्रीनं महांतेशकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "लिंगावर हात ठेवून शब्द दिलाय साहेब. चोर म्हणा, पण नाव विचारू नका."

महांतेश त्याच्या अंगावर धावला. धम्मानंदनं त्याला धरलं आणि कानात म्हटलं, "घरी चल. तुमच्या अंगणात घरच्यांना न कळता गाडी खोलता येत नाही. नाव घरीच आहे."

५

अंजूनं काही लपवलं नाही. एवढे दिवस दाबून धरलेलं एकदम बाहेर पडलं, तेव्हा ती रडत होती आणि तिला बरंही वाटत होतं.

सकाळी नवे भाग बसलेले पाहिले, की बाकीच्या कामासाठी गाडी गॅरेजातच ठेवून महांतेश दुकानाला एसटीनं ये-जा करायचा, म्हणजे घरी उशीर. त्या पहिल्या संध्याकाळी मिस्त्रीनं गाडी घरी आणून लावली, रोजच्यासारखा फाटकाशी हॉर्न दिला, नवा. अव्वांनी पदर घेतला नाही, ताट मागितलं नाही. अंजूनं दोनदा विचारलं, तर म्हणाल्या भूक नाही. नव्या आवाजातली गाडी अव्वांना अप्पांची वाटत नाही, हे तिला लगेच कळलं. तिनं मिस्त्रीचे पाय धरले. त्यानं अंगणातच जुने भाग परत चढवले आणि जुना हॉर्न वाजवला. आणि खरंच, थोड्याच वेळात अव्वांनी ताटं मागितली. सकाळी नवे भाग परत बसवायला मिस्त्री येणार होता, पण महांतेश पहाटेच गाडीकडे गेला. दुसऱ्या खेपेलाही नेमकं तसंच झालं.

"मला का सांगितलं न्हाई?" महांतेशनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी दुकान सोडून घरी बसला असता," अंजू म्हणाली. "आदीच अप्पांच्या नावानं झुरून राहिलात. वाटलं, जुन्या हॉर्नवर बी होईल पास."

भूत गेलं होतं, पण त्याच्या जागी त्याहून वाईट पेच उभा होता. जुन्या हॉर्ननं गाडी पास होत नाही, आणि नव्या हॉर्ननं आई जेवत नाही. आणि तारीख आजचीच होती.

धम्मानंद मात्र अंजूकडेच पाहत होता. "पोरी, जुना हॉर्न वाजला, आणि थोड्या वेळानं त्यांनी ताटं मागितली. या दोन्हीच्या मधे काय झालं?"

"मधी? काय न्हाई झालं."

"नीट आठव."

अंजू आठवू लागली. "हे एसटीनं आले. पाय धुवून अव्वाकडं गेले. मग ताटं मागितली."

"दुसऱ्या खेपेला?"

"तसंच."

पदर, वांगं, कधीच न मारलेली हाक, आणि आता ही एसटी. सगळे नट एकाच बोल्टवर बसत होते, आणि जे दिसत होतं ते पाहून धम्मानंदला आनंद झाला नाही. त्यानं महांतेशला मिस्त्रीकडे पाठवलं, आधी माफी मागायला आणि मग नवे भाग चढवून घ्यायला.

"आणि अव्वा?" महांतेशनं विचारलं.

"एक संध्याकाळ माझ्या भरवशावर सोड."

६

गाडी पास झाली. तरुण निरीक्षकानं हॉर्न वाजवून पाहिला, धम्मानंदला ओळखून नमस्कार केला, आणि तपासणीत मात्र तसूभर सूट दिली नाही, हे धम्मानंदला फार आवडलं. परतताना महांतेशच्या तोंडावर पास झालेल्या माणसाची कळा नव्हती. मुरुड जवळ येत गेलं, तशी गाडी हळू होत गेली.

गल्लीच्या तोंडाशी धम्मानंद उतरला. "मी पुढं जाऊन वहिनींजवळ बसतो. तू फाटकाशी हॉर्न दे आणि रोजच्यासारखा आत ये. रेंगाळू नकोस."

खोलीत दिवा लागला होता. अंजू दाराशी उभी होती, पदराचा शेव तोंडात धरून. नागम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या, कान बाहेर.

नवा हॉर्न खणखणीत वाजला. नागम्मांचा हात पदराकडे गेला नाही. त्यांनी फक्त मान थोडी वर केली. अंजूनं डोळे मिटून घेतले.

बाहेर चपला निघाल्या. न्हाणीत पाणी सांडलं. पावलं आली.

"गाडी आली," नागम्मा म्हणाल्या. "दोन ताटं वाढ."

अंजूच्या तोंडून हुंदका निसटला. धम्मानंद खाटेजवळ सरकला. विचारावं की नको, असं त्याला क्षणभर वाटलं. हे कुलूप उघडायचा आपल्याला काय अधिकार? पण दाराबाहेर एक पोरगा वर्षभर मेलेल्या बापाचं ताट खात होता.

"वहिनी," तो म्हणाला, "दुसरं ताट कुणाचं?"

नागम्मांच्या सुरकुतल्या तोंडावर हसू उमटलं, चोरी पकडल्यासारखं.

"वांग्यानं घात केला म्हणा की," त्या म्हणाल्या. "ह्यान्ला वांगं लई लागायचं. तुमाला ठाऊकच हाय."

"तुम्हाला माहीत होतं."

"ह्या लोकांनी सांगायच्या आदीच. दवाखान्यात खिडकीखाली हॉर्न वाजून राहिला होता. हे उगं हॉर्न दाबून धरणारं माणूस नव्हतं. वाजता वाजता मधीच थांबला. तवाच समजलं मला."

अंजूचा हात तोंडावर गेला. रोज दिवेलागणीला जो आवाज आपण अव्वांसाठी जपला, ज्याच्यासाठी मिस्त्रीला चोर ठरू दिलं, तो कुठला आवाज होता, हे तिला आत्ता कळत होतं.

"मग पदर?" धम्मानंदनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"कान झाकत होते. रोज तो हॉर्न वाजला की हे पुन्हा एकदा जायचे." नागम्मांनी लिंगाच्या डबीवर हात ठेवला. "पण मागून पोराची पावलं यायची, म्हणून सोसला."

"एका शब्दानं बोलायचं होतं वहिनी."

"बोलून काय झालं असतं? हे होते तवर महांतेश घरी कवा यायचा? मी निजल्यावर. बापलेकाचं पटत न्हवतं, अन् मला त्याची पावलं बी ऐकू येत न्हवती. मला येड लागलं म्हणले, तवापासून दिवेलागणीला येतोय. माज्यासंगं जेवतोय. म्हणलं, असू दे. येडी तर येडी." त्यांनी पदर सारखा केला. "हॉर्न कसला बी चालला असता मला. ह्यो नवा बरा हाय."

महांतेश दारात उभा होता. तो केव्हापासून उभा होता, कुणाला कळलं नव्हतं. त्याच्या पायांचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. बापाला माती देताना जो रडला नव्हता, तो आता लहान पोरासारखा ओठ मुडपत होता. तो आला आणि खाटेला पाठ लावून खाली बसला. अंजूनं दोन ताटं आणून ठेवली.

धम्मानंद उठला. त्याचं काम संपलं होतं, आणि पुढचं पाहायचा त्याला हक्क नव्हता. पण उंबरा ओलांडताना त्यानं मागं वळून पाहिलंच.

नागम्मांनी चाचपडत पोराचं डोकं शोधलं, त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि दुसरं ताट त्याच्याकडे सरकवलं.

"जेव," त्या म्हणाल्या. "वांगं न्हाई त्यात."